सालामांकातला निकाल

माझे वडील चौतीस वर्षं एका कॉलेजात शिपाई होते. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, दोन मजली कला-विज्ञान कॉलेज, आणि रोज सगळ्यांच्या आधी तिथं पोचणारे बाबा. दारं उघडायची, तासाची घंटा द्यायची, प्राचार्यांचं टपाल फिरवायचं, परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून त्यांवर लाखेचं सील मारायचं. स्वतः ते सातवीपर्यंत शिकलेले. पण कुणी विचारलं की म्हणायचे, "मी कॉलेजात असतो."

आई गेल्यावर मी त्यांना सिंगापूरला घेऊन आले. क्लेमेंटीला आमचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे आणि खालच्या स्टॉपवरून विद्यापीठाकडे जाणारी बस मिळते. मी त्याच विद्यापीठात संशोधन करते, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या पडद्यांवर. सकाळचा चहा झाला की बाबा खाली जाऊन स्टॉपजवळच्या बाकावर बसायचे आणि वर येऊन मला बातमी द्यायचे. "आज पोरं चालता चालता वाचत होती. परीक्षा जवळ आली वाटतं." बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

एकदा मी त्यांना माझी लॅब दाखवायला नेलं. यंत्रांकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. मी दारादाराशी कार्ड टेकवत होते आणि दारं उघडत होती, तेच ते बघत राहिले.

"इथल्या किल्ल्या कुणाकडं असतात?"

"किल्ल्या नाहीतच बाबा. सगळं कार्डावर."

"मग सकाळी दार कोण उघडतं?"

"ज्याचं तो."

परतीच्या बसमध्ये त्यांनी माझं कार्ड मागून घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

त्यानंतर काही महिन्यांनी माद्रिदला एक परिषद निघाली. माझा पेपर होता, चार दिवसांचं काम आणि मग एक मोकळा दिवस. नवऱ्याचं ऑफिस जुरोंग ईस्टला, लेकीची शाळा चालू, त्यामुळे ती दोघं येणार नव्हती. नवराच म्हणाला, "बाबांना घेऊन जा की. इथं बाकावर बसतात, तिथं बसतील." माझ्या दहा वर्षांच्या लेकीनं लगेच आजोबांची बॅग भरायला घेतली आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत बजावलं, "आजोबा, स्पेन व्हेरी कोल्ड लाह, जॅकेट डोन्ट फर्गेट."

बाबांनी एकच गोष्ट विचारली. "तिथलं सगळ्यात जुनं कॉलेज बघता येईल का?"

मी शोधलं. सालामांका नावाचं गाव, माद्रिदहून आगगाडीनं दोन तासांच्या आत, आणि तिथलं विद्यापीठ आठशे वर्षांचं.

"आठशे?" बाबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्या रविवारी आम्ही पासिर रिसला एका मित्राच्या घरी बुद्धवंदनेला गेलो होतो. वंदना झाल्यावर खीर वाढेपर्यंत बाबांनी तिथल्या प्रत्येकाला ही बातमी दिली. "आठशे वर्षं रोज तास होतोय तिथं. एक दिवस खाडा नाही." खाडा झाला असेल, मध्ये लढाया झाल्या असतील, असं कुणी तरी म्हणून पाहिलं. बाबांनी ते मनावर घेतलं नाही.

परिषदेचे चार दिवस त्यांनी हॉटेलाच्या आसपास फिरून काढले. मोकळ्या दिवशी मी सहाला उठले तर ते इस्त्रीचा पांढरा शर्ट, स्वेटर, वर जॅकेट घालून खुर्चीवर तयार बसलेले. मांडीवर पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, हॉटेलातून घेतलेले चार पाव आणि मी घरून आणलेली शेंगदाण्याच्या चटणीची डबी.

"गाडी साडेआठची आहे, बाबा."

"असू दे. परक्या गावात स्टेशनाला लवकर जावं."

आणि बरंच झालं. स्टेशनवर विमानतळासारख्या बॅगा तपासत होते, आणि फलाटाचा नंबर बोर्डावर येईना. माणसं माना वर करून उभी होती. बाबाही मान वर करून उभे राहिले आणि नंबर लागला तेव्हा सगळ्यात आधी तेच निघाले. मी मागून पळतेय, सत्तरीचा माणूस पुढे.

गाडी सुटली आणि माद्रिदच्या इमारती मागे पडल्यावर आधी डोंगर आले, मग खडकाळ रान. दूरवर एकेक ओकचं झाड आणि त्याखाली काळी जनावरं. बाबांनी खिडकी सोडली नाही. आविला आलं तेव्हा शहराभोवतीचा अख्खा तट दिसला, बुरुजांसकट, कुठंही न पडलेला. ते उठूनच उभे राहिले. शेजारच्या बाईंनी हसून त्यांना आपली खिडकीची जागा दिली. मी फोन काढून मेल बघत होते, तर त्यांनी माझा फोन हातानं खाली केला. "हे रोज दिसणार आहे का?"

मी फोन पिशवीत टाकला. खरं सांगायचं तर परिषदेचे चार दिवस मी नुसती दमले होते. त्या सपाट, पिवळ्या, वाऱ्यानं विंचरलेल्या माळाकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं की मी कुठं तरी आले आहे. मग माळाच्या कडेला दोन मनोरे उगवले, त्यांच्यामागे घुमट, आणि बाबा म्हणाले, "आलं."

स्टेशनपासून चालत वीस मिनिटं. आधी साधी दुकानं, बँका, भाजीवाले, आणि मग एका वळणानंतर सगळं गाव एका रंगाचं झालं. दगडच तिथला तसा. उन्हात तो हळद लावल्यासारखा दिसत होता. चौकाच्या चारी बाजूंनी कमानी, कमानींखाली कॉफीची टेबलं, आणि पुस्तकं छातीशी धरून पळणारी मुलं. बाबा त्या मुलांकडे बघून म्हणाले, "दहाचा तास चुकला बहुतेक यांचा."

विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीसमोर तीसेक लोक उभे होते. भिंतीवर नखभर जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही, फुलं, मुखवटे, कवट्या, राजाराणी. मी बाबांना सांगितलं की या सगळ्यात कुठं तरी कवटीवर बसलेला एक बेडूक आहे, आणि ज्याला तो कुणी न दाखवता सापडेल तो परीक्षेत पास होतो असं मुलं मानतात. बाबांनी दोन मिनिटं मनापासून शोधला.

"नाही सापडत. जाऊ दे, आपल्या परीक्षा झाल्या आता. चल आत."

आत चौक होता, मध्ये एक उंच झाड, भोवती दगडी खांबांचा व्हरांडा. भिंतींवर लाल रंगात नावं लिहिलेली, मोठ्या वळणदार अक्षरांत, काही इतकी जुनी की नुसता डाग उरलेला. जे डॉक्टर झाले त्यांची ही नावं, मी फोनवर वाचून सांगितलं. पूर्वी म्हणे यात बैलाचं रक्त मिसळायचे.

"आमच्याकडं भिंतीवर लिहिलं तर दंड होता," बाबा म्हणाले. "दर उन्हाळ्यात मी स्वतः चुना मारायचो वरून." आणि मग, "इथं शिपायानं चुना मारला नाही, हे चांगलं केलं."

जुने वर्ग बघायला निघालो तर व्हरांड्याच्या टोकाला दोर बांधलेला. एक पाटी होती. मी फोननं वाचली. आज वरच्या सभागृहात कार्यक्रम आहे, हा भाग दुपारनंतर उघडेल. आमची परतीची गाडी तीनची. मी हिशेब करत होते की आता काय बघायचं, तेवढ्यात जिन्यावरून एक गृहस्थ खाली आले. साठीच्या आसपासचे, गडद निळा कोट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चालताना तो वाजत होता.

बाबा सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"नमस्कार," ते मराठीत म्हणाले. "मी पण हेच काम करत होतो."

त्या गृहस्थांना अर्थातच काही कळलं नाही. बाबांनी खिशातून फोन काढला आणि निवृत्तीच्या दिवसाचा फोटो दाखवला. खाकी कपडे, गळ्यात हार, एका हातात हातोडी, मागे टांगलेली लोखंडी घंटा. मग त्यांनी आधी फोटोकडे, मग स्वतःकडे, मग समोरच्या जुडग्याकडे बोट दाखवलं.

गृहस्थांनी फोटो हातात घेऊन मोठा करून पाहिला. "बेदेल?" त्यांनी विचारलं आणि बाबांच्या छातीकडे बोट केलं.

"शिपाई," बाबा म्हणाले.

"शि-पा-ई." त्यांनी शब्द नीट उच्चारून पाहिला, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "बेदेल."

दोघांनी हात मिळवले. मी फोनमध्ये भाषांतर लावून मध्ये उभी राहिले, पण पहिली पाच मिनिटं माझी गरजच पडली नाही. बेदेलनी दोर सोडला आणि आम्हाला एका वर्गात नेलं. अंधारी, लांबट खोली, समोर उंच व्यासपीठ, आणि बसायला झाडाचे नुसते तासलेले ओंडके. शेकडो वर्षांपूर्वीच्या मुलांनी त्यावर सुऱ्यांनी काय काय कोरून ठेवलेलं. हात लावायची मनाई होती, तरी बेदेलनीच मान हलवून परवानगी दिली. बाबांनी अलगद बोटं फिरवली.

"कर्कटकानं असंच करायची आमची पोरं," ते म्हणाले. "जगात कुठं जा, शेवटच्या बाकावर हेच."

मी ते भाषांतर केलं तेव्हा बेदेल एवढ्या मोठ्यांदा हसले की स्वतःच तोंडावर हात ठेवून वर बघायला लागले. वर कार्यक्रम होता ना. कसला, ते मी आता विचारलं. एका मुलीचा पीएचडीचा प्रबंध होता, तिची तोंडी परीक्षा बाराला सुरू होणार होती. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या फोननं दोनदा सांगेपर्यंत मला खरं वाटेना. ही परीक्षा सार्वजनिक असते, ज्याला वाटेल त्यानं येऊन बसावं.

"आपण?" बाबांनी विचारलं.

बेदेलनी जिन्याकडे हात केला.

सभागृहाला दोन फळ्यांचं जुनं लाकडी दार होतं. एक फळी बेदेलनी धरली आणि दुसरीकडे बघून बाबांकडे पाहिलं. बाबांनी पिशवी माझ्या हातात दिली, जॅकेटची चेन वर ओढली आणि दुसरी फळी धरून ताठ उभे राहिले. तीन परीक्षक आत गेले, त्यांच्यामागे विशीतली, काळ्या कोटातली एक मुलगी, हातात कागदांचा गठ्ठा, मग तिची माणसं. आत जाताना एका परीक्षकांनी बाबांना मान लववून अभिवादन केलं. बाबांनी उलट मान लववली, फार नाही, जेवढी कामावर असताना लववायची तेवढीच.

आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. मुलगी बोलत होती ती मृदेबद्दल काही तरी होतं, पडद्यावर नकाशे आणि मातीचे थर येत होते. मला चारातला एक शब्द कळत होता. बाबांना एकही नाही. पण ते पुढे सरकून ऐकत होते.

"पाणी प्यायला विसरली ती," ते कुजबुजले. थोड्या वेळानं, "तो मधला परीक्षक कडक आहे. डावीकडचे साहेब पास करायच्या विचारात आहेत." आणि कडक परीक्षकांनी खरंच एक प्रश्न असा विचारला की मुलगी अडली. दुसऱ्या रांगेत तिचे वडील होते, जाड हातांचा, शेतकामाचा वाटेल असा माणूस. त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. बाबांनीही आपल्या समोरची धरली. मग मुलगी उठून पडद्याजवळ गेली, एका थरावर बोट ठेवलं आणि बोलायला लागली, आता कागदाकडे न बघता. काय बोलली ते मला आजही माहीत नाही.

सव्वादोनला प्रश्न संपले. परीक्षकांना आत ठेवून आम्ही सगळे बाहेर आलो आणि दार बंद झालं. आता ते निकाल ठरवणार.

मी घड्याळ पाहिलं. "बाबा, निघायला हवं. गाडी तीनची आहे, आणि वीस मिनिटं चालायचं."

"निकाल लागू दे."

"त्याला अर्धा तास लागेल कदाचित. संध्याकाळी मला परिषदेतल्या लोकांबरोबर जेवायला जायचंय."

"निकाल लागल्याशिवाय मी कधी कॉलेज सोडलं नाही," बाबा म्हणाले. आवाज चढवून नाही. त्यांनी तसं म्हटल्यावर मी पिशवी खाली ठेवली.

व्हरांड्यात मुलीची आई रुमालाची घडी घालत होती आणि मोडत होती. वडील खांबापर्यंत जात होते आणि परत येत होते. तिसऱ्या फेरीला बाबा त्यांच्या बरोबरीनं चालायला लागले. हात मागे बांधून, न बोलता, दोघं खांबापर्यंत आणि परत. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "तुमचे वडील कोण आहेत?" मी सांगितलं, सिंगापूरहून आलोय, ते भारतात एका कॉलेजात शिपाई होते. ती हसली, आणि मग जरा रडलीही.

दोन चाळीसला दार उघडलं आणि आम्ही सगळे परत आत गेलो. सगळ्यांनी उभं राहायचं होतं. मधल्या, कडक परीक्षकांनीच कागद वाचला. शेवटचा शब्द लांबलचक होता, सोब्रेसालिएंते, आणि तो ऐकून तिची आई जी ओरडली त्यावरून अर्थ कळला. टाळ्या थांबेनात. मुलीच्या वडिलांनी आधी तिला मिठी मारली, मग बायकोला, मग वळून सगळ्यांना ओलांडत शेवटच्या रांगेत आले आणि बाबांना. बाबांना मिठीची सवय नाही. त्यांनी क्षणभर हात हवेत धरले आणि मग त्या माणसाच्या पाठीवर थोपटायला लागले, परीक्षेनंतर पोरांच्या पाठीवर थोपटतात तसं.

गाडी गेली. त्याचं मला वाईट वाटावं इतका वेळच मिळाला नाही, कारण तिच्या घरच्यांनी आम्हाला सोडलं नाही. खालच्या एका कॅफेत लांब टेबल होतं, बेदेलही आले. बटाट्याचं जाड ऑम्लेट होतं, चीज होतं, वाईन होती. बाबांनी वाईनला हात जोडले आणि ऑम्लेट घेतलं. दोन घासांनंतर पिशवीतून डबी काढून चिमूटभर चटणी त्यावर भुरभुरली. मुलीच्या वडिलांनी बशी पुढे केली. मग बेदेलनी. सहाच्या गाडीपर्यंत डबी रिकामी झाली होती आणि बेदेलचे डोळे तिखटानं पाणावले होते, तरी ते बोटानं तळ पुसत होते.

परतीच्या गाडीत मला वाटलं, दिवसभर चाललेत, बाबा झोपतील. पण त्यांनी विचारलं, "तुझ्या वेळी कोण कोण होतं?"

"कुणीच नव्हतं, बाबा. कोरोना चालू होता."

"मग परीक्षा झाली कशी?"

मी सांगितलं. तेव्हा मी क्लेमेंटीलाच एका भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते, विमानं बंद असल्यानं नवरा आणि लेक भारतातच अडकलेली. इस्त्रीच्या टेबलावर चार पुस्तकं, त्यावर लॅपटॉप. परीक्षक तीन देशांत तीन चौकटींत. वरती कुर्ता, खाली घरातली पँट. घरमालकीणबाईंनी दीड तास भाताचा कुकर लावला नव्हता, शिटीचा आवाज नको म्हणून. निकाल सांगितला, चौकटी एकेक करून बंद झाल्या आणि मी पलंगावर बसून तुम्हाला फोन लावला.

"तू म्हणालीस, झालं बाबा," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटलं, फॉर्म भरून झाला."

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांनी नुसतं 'छान' म्हणून फोन ठेवला होता. पुढं आठवड्याभरानं माझ्या भावाकडून त्यांना कळलं, आणि मग एवढ्या उशिरा काय बोलायचं, म्हणून ते काही बोलले नव्हते.

"आता सांग," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून. कुणी काय विचारलं, तू काय म्हणालीस."

मी सांगायला लागले. मराठीतून मी माझा प्रबंध कधी कुणाला सांगितला नव्हता. खारं पाणी इकडून, गोडं तिकडून, मध्ये पडदा, पडद्याची छिद्रं मिठापेक्षा बारीक. अडले की बाबा शब्द पुरवायचे. गाळणं. वस्त्रगाळ. झिरपणं. कडक परीक्षकाचा प्रश्न मी सांगितला तेव्हा ते लगेच म्हणाले, "थांब, उत्तर सांगू नकोस," आणि बराच वेळ विचार करून स्वतःचं उत्तर दिलं. ते चुकीचं होतं, पण मी माझ्या परीक्षकांना पहिल्यांदा दिलेलं उत्तरही जवळपास तसंच होतं. मी तसं म्हटल्यावर ते इतके खूश झाले की समोरच्या प्रवाशाला सांगायला निघाले होते. माद्रिद आलं तेव्हा आम्ही तिसऱ्या प्रकरणावर होतो. जेवणाला मी गेले नाही. उरलेली दोन प्रकरणं विमानात झाली.

चांगी विमानतळावर नवरा आणि लेक घ्यायला आली होती. घरी पोचेपर्यंत एमआरटीच्या मेट्रोत बाबांनी लेकीला सगळं सांगितलं, आविलाचा तट, बेदेल, ऑम्लेट, आणि मग माझा पडदा, छिद्रांसकट. ती ऐकत होती. मग माझ्याकडे वळली.

"आई, यू नेव्हर टेल मी यू डू धिस," ती म्हणाली. "कॅन आय सी?"

शनिवारी आम्ही तिघं लॅबमध्ये गेलो. मी नळाखाली पडदा लावला, पंप सुरू केला आणि पहिले थेंब पडायची वाट बघत उभी राहिले. बाबा लेकीला सांगत होते, इंग्रजी आणि मराठी मिसळून, की आता इकडून खारं जाणार. ती मोठ्यांच्या मापाचा पांढरा कोट घालून, बाह्या चार वेळा दुमडून, ग्लास धरून उभी होती.